कोकण किनाऱ्यासाठी ट्रायपॉड आणि बॉलहेड: आधी सर्वात बारीक नळी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला गुहागरकडे, फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा, 24-70 मिमी आणि 100-400 मिमी अशा दोन लेन्स. संध्याकाळी लाटांचे लांब एक्स्पोजर, पहाटे खाडीवरचे पक्षी. सध्याचा पाच सेक्शनचा (प्रत्येक पायात एकात एक सरकणाऱ्या पाच नळ्यांचा) हलका ट्रायपॉड वाऱ्यात थरथरतो आणि त्याचे लॉक करकरायला लागलेत. आता कोणता ट्रायपॉड आणि त्यावर कॅमेरा हवा तसा वळवून आवळायचं, गोळ्यावर फिरणारं कोणतं हेड, म्हणजे बॉलहेड, घ्यावं?

सरळ उत्तर देतो. वरची नळी 32 मिमीची, सेक्शन तीन, फार तर चार. सेंटर कॉलम (मधला वर सरकणारा दांडा) नकोच, असलाच तर काढून ठेवता यायला हवा. ट्विस्ट लॉक (नळ्यांच्या जोडावरचे, पिळून आवळायचे) हातानं पूर्ण उघडून धुता यायला हवेत. त्यावर 44 ते 50 मिमी बॉलचं, स्क्रू क्लॅम्पचं (स्क्रूनं आवळणाऱ्या पकडीचं), आर्का-स्विस पद्धतीची, म्हणजे कॅमेऱ्याखाली लावायची सर्रास मिळणारी प्लेट घेणारं हेड. कंपनी कुठली हा त्यानंतरचा प्रश्न.

खोक्यावर छापलेल्या '15 किलो', '25 किलो' या आकड्यांवर जाऊ नका. हा भार मोजायची सगळ्या कंपन्यांना बांधून घालणारी एकच पद्धत नाही. शिवाय तेवढ्या वजनानं ट्रायपॉड बसणार नाही, एवढंच त्यातून कळतं. तो हलणार की नाही, ते कळत नाही. तुमचा कॅमेरा आणि 100-400 मिळून दोन किलोच्या आसपास भरतील. एवढं वजन स्वस्तातला ट्रायपॉडसुद्धा पेलतो, पण पेलणं वेगळं आणि स्थिर धरणं वेगळं.

स्थिरपणा येतो नळीच्या व्यासातून. नळीच्या भिंतीची जाडी तीच ठेवली, तर तिचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून 22 मिमीच्या नळीपेक्षा 28 मिमीची नळी दुप्पट ताठ असते. आणि पाय वाकतो तो सर्वात खालच्या, सर्वात बारीक नळीत. प्रत्येक सेक्शनला व्यास साधारण तीन-चार मिमीनं उतरत जातो. 25 मिमीनं सुरू होणारा पाच सेक्शनचा पाय तळाशी 13 मिमीवर येतो; 32 मिमीचा तीन सेक्शनचा पाय तळाशी 25 मिमी राहतो. या दोन तळांच्या ताठपणात सात पटींचा फरक आहे. तुमच्या आत्ताच्या ट्रायपॉडची थरथर बहुतेक इथेच आहे. दुकानात म्हणूनच पहिला प्रश्न विचारा: शेवटची नळी किती मिमीची? 22 च्या खाली असेल तर तुमच्या कामाला तो नको. काही कंपन्यांच्या मॉडेलच्या नावातच हे कळतं; लिओफोटोचा एलएस-324सी म्हणजे 32 मिमी, 4 सेक्शन, कार्बन.

उंची सेंटर कॉलम न उचलता मोजायची. तुमची उंची 170 सेंमी असेल तर डोळे साधारण 160 वर येतात. त्यातून हेडचे 10 आणि कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरपर्यंतचे 9-10 वजा करा. नुसत्या पायांची उंची 140 सेंमी मिळाली की पुरे. उतारावर किंवा खडपात एखादा पाय खोल घळीत सोडावा लागतो, म्हणून 10 सेंमी जास्त असले तर चांगलंच. कॉलम वर उचलला की तीन पायांच्या ट्रायपॉडवर एका पायाची काठी उभी केल्यासारखं होतं. तो जमिनीलगत उतरूही देत नाही.

कार्बन की ॲल्युमिनियम? परवडत असेल तर कार्बन. वजन कमी होतं आणि कंप लवकर विरतो. पण बारीक कार्बन आणि जाड ॲल्युमिनियम यांत निवड आली, तर माझं मत जाड ॲल्युमिनियमला. कार्बनला गंज नाही म्हणून किनाऱ्यावर निर्धास्त राहा, असं कोणी सांगितलं तर ते अर्धंच खरं आहे. नळी कार्बनची असली तरी वरचे सांधे आणि लॉकचे भाग बहुधा ॲल्युमिनियमचे असतात. कार्बन, ॲल्युमिनियम आणि मध्ये खारं पाणी अशी सांगड जमली की झीज होते ती ॲल्युमिनियमची. सांध्याच्या कडेला पांढरी भुकटी दिसू लागते, ती हीच. ॲल्युमिनियमच्या नळीवरचा ॲनोडायझिंगचा संरक्षक थर ओरखड्यानं गेला की तिथेही तसंच. म्हणजे धुणं दोघांनाही चुकत नाही.

लॉकचा मुद्दा इथे शहरापेक्षा फार महत्त्वाचा आहे. फ्लिप लॉक (खटका दाबून लागणारा) झटकन लागतो आणि लागलाय की नाही ते लांबून दिसतं, पण त्यातले पोलादी नट-बोल्ट खारवतात आणि अधूनमधून चावीनं ताण वाढवावा लागतो. ट्विस्ट लॉकमध्ये वाळू आत शिरली की आटे घासतात. मात्र तो कुठल्याही अवजाराशिवाय उघडतो. म्हणून माझी पसंती ट्विस्टला. विकत घेण्याआधी दुकानदारासमोर लॉकची एक कॉलर (फिरवायचं कडं) पूर्ण फिरवून नळी बाहेर काढून बघा. निघत नसेल, तर तो ट्रायपॉड किनाऱ्यासाठी नाही.

आता वाळूत उभं करण्याबद्दल. पाय नेहमी जाड नळीपासून उघडायचे, बारीक शेवटी. लाटेत मात्र उलट करा: सर्वात खालची नळी आधी पूर्ण उघडा, म्हणजे खालचा लॉक पाण्याच्या वर राहतो. आत येणारं पाणी अडवण्यापेक्षा लॉकच पाण्यात न बुडवणं बरं. तुमच्या नव्या ट्रायपॉडची शेवटची नळी 22-25 मिमीची असेल, त्यामुळे ताठपणाही टिकतो.

लाट मागे जाताना पायाखालची वाळू ओढून नेते आणि ट्रायपॉड हळूहळू खचतो. तीस सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये हे डोळ्यांना जाणवत नाही, पण फोटोत क्षितिज दुहेरी येतं. उपाय असा: पाय पहिल्या, सर्वात कमी फाकणाऱ्या कोनात उघडा, एकेक पाय डावीकडे-उजवीकडे फिरवत वाळूत दाबा आणि पुढे जात नाही असं वाटेपर्यंत दाबत राहा, ओल्या वाळूत पंधरा-वीस सेंमी सहज जातो. मग दोन-तीन लाटा जाऊ द्या, हेड पुन्हा समतल करा, तेव्हा शटर. पाय न रोवता पसरवून ठेवले आणि मग वरून जोर दिला, तर ते आणखी फाकायला बघतात आणि वरच्या सांध्यावर ताण येतो. वरच्या कोरड्या, भुसभुशीत पुळणीवर मात्र रोवून उपयोग नाही; तिथे प्रत्येक पायाखाली हातभर नको, पण तळहाताएवढं प्लास्टिकचं झाकण किंवा प्लायचा तुकडा पुरतो.

खडपावर आणि सड्यावर रबरी टोपी काढून पोलादी टोक लावता येतं, शेवाळलेल्या खडकावर ते चांगलं पकडतं. पण कातळशिल्पांजवळ टोक चुकूनही लावू नका. बारसू, उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे इथली चित्रं जांभ्याच्या सड्यावर कोरलेली आहेत, 2022 पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, आणि जांभा टोकानं सहज खरवडतो. तिथे रबरच, आणि पाय कोरीव रेषांच्या बाहेर.

वाऱ्यात एक पाय वारा जिकडे जातो त्या दिशेला ठेवा, कारण दोन पायांच्या मधल्या मोकळ्या बाजूला ट्रायपॉड सर्वात लवकर कलंडतो. गळ्यातला पट्टा काढा. फडफडून तोच कॅमेरा हलवतो. खालच्या हुकाला पिशवी टांगायची तर तिचा बूड जमिनीला टेकू द्या, नाहीतर ती लंबकासारखी झुलते.

बॉलहेडकडे येऊ. तुमची 100-400 ही इथली खरी परीक्षा आहे. 24 मिमीला जे हलणं दिसत नाही, ते 400 ला साधारण सतरा पट मोठं दिसतं. नॉब आवळून हात सोडल्यावर बॉल 0.1 अंश जरी खाली बसला, तरी 400 मिमीला चित्र सेन्सरवर 0.7 मिमी सरकतं. 24 मेगापिक्सेलच्या सेन्सरवर हे शंभराहून जास्त पिक्सेल झाले. मोठ्या बॉलला पकडायला पृष्ठभाग जास्त मिळतो, म्हणून हे बसणं कमी होतं. 36 मिमीचा बॉल 24-70 ला ठीक, 100-400 ला अपुरा. मुख्य नॉबशिवाय घर्षणाचा वेगळा नॉब हवा, म्हणजे लॉक सैल केला तरी लेन्स धाडकन पुढे कोसळणार नाही. पॅनिंगचा लॉक वेगळा हवा. आणि 100-400 नेहमी लेन्सभोवतीच्या कड्याला असलेल्या तिच्या स्वतःच्या पायावरच बसवा, कॅमेऱ्याच्या तळाशी प्लेट लावून नव्हे. उडत्या पक्ष्यांसाठी मात्र कुठलंच बॉलहेड सोयीचं नाही. तिथे गिंबल हेड, म्हणजे जड लेन्स तोलून सहज फिरवू देणारं हेड, लागतं. ते पुढे घेता येईल, आत्ता पायांवर पैसे घाला.

क्लॅम्प स्क्रूचाच घ्या, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्लेटच्या रुंदीत किंचित फरक असतो आणि लिव्हर (खटक्याच्या) क्लॅम्पमध्ये एखादी प्लेट सैल बसते, एखादी लागतच नाही. प्लेटला कॅमेऱ्याच्या कडेशी टेकणारी ओठासारखी धार असली तर उभ्या फोटोत कॅमेरा फिरत नाही. एल-ब्रॅकेट (कॅमेऱ्याच्या तळाला आणि कडेला बसणारी एल आकाराची प्लेट) असेल तर उत्तमच. हेड पायांवर 3/8 इंची आट्यावर बसतं. बसवल्यावर ट्रायपॉडच्या थाळीखालचे बारीक स्क्रू ॲलन-कीनं हलके आवळा, नाहीतर पॅन करताना हेडच सुटू लागतं.

किनाऱ्यावरून आल्यावरचं काम. पाय आत ढकलायच्या आधी ओल्या फडक्यानं वाळू पुसा. वाळूसकट नळी आत गेली की ती थेट लॉकमध्ये जाते. घरी गोड्या पाण्यानं धुवा. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते चालणार नाही, नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं घ्या. मग पाय उघडे ठेवून सावलीत वाळवा, ओला ट्रायपॉड पिशवीत कोंबू नका. पायांवर फोमचं वेष्टण असेल तर काढून टाका, ते खारं पाणी धरून ठेवतं.

लाटेत बुडाला असेल तर त्याच रात्री लॉक उघडा. एका वेळी एकच पाय, म्हणजे भागांची अदलाबदल होत नाही. कॉलर फिरवून नळी ओढली की नळीच्या टोकाला प्लास्टिकच्या दोन अर्ध्या पट्ट्या दिसतील. कुठली बाजू वर होती त्याचा मोबाइलवर फोटो काढा. आट्यांवरचं जुनं ग्रीस पांढऱ्या कापडावर घेऊन बोटांत चोळा. करकर लागली तर वाळू आहे. भाट्ये, काळबादेवीसारख्या ठिकाणच्या वाळूत इल्मेनाइटचे काळे बारीक कण असतात, ते आट्यांच्या तळाशी रेघेसारखे बसतात, टूथब्रशनंच निघतात. सगळं धुऊन पूर्ण वाळल्यावर फक्त कॉलरच्या आट्यांना पाण्यात न धुपणारं ग्रीस अगदी पातळ लावा. पट्ट्यांना आणि नळीला अजिबात नाही, नाहीतर पाय भारानं घसरेल. बॉललाही तेल किंवा गंजनाशक फवारा मारू नका. त्याची पकड घर्षणावर आहे. ओलसर कापडानं पुसून कोरडा करा, बस्स.

घेताना मुंबई, पुणे किंवा कोल्हापूरला जाणार असाल तर स्वतःचा कॅमेरा आणि 100-400 सोबत न्या. पाय पूर्ण उघडा, 400 मिमीला समोरच्या पाटीवरचं एखादं अक्षर कॅमेऱ्याच्या पडद्यावर लाइव्ह व्ह्यूमध्ये 10 पट मोठं करा, हेड आवळा आणि हात सोडा. अक्षर किती खाली सरकलं ते बघा. मग पायाला बोटानं टिचकी मारा आणि थरथर थांबायला किती वेळ लागतो ते मोजा. दोन ट्रायपॉड असे शेजारी-शेजारी तपासले की फरक लगेच कळतो. शेवटी थाळी दोन्ही हातांत धरून पिळून बघा. पाय पिळतात की सांधे सैल आहेत ते तिथे कळतं.

नवा येईपर्यंत आत्ताच्याच ट्रायपॉडचे खालचे दोन सेक्शन न उघडता काम करा. कॉलम खाली, कॅमेरा कमरेच्या उंचीवर, शटरला 2 सेकंदांचा टायमर. लाटांच्या फोटोंना खालचा कोन एरवीही छान दिसतो, आणि त्याच ट्रायपॉडवर तुम्हाला आजच बऱ्यापैकी स्पष्ट फोटो मिळतील.