विनोद दोघांचा, कीबोर्ड एकाचा

प्रश्न : मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. फिरोदिया करंडकाच्या कॉलेज-स्पर्धेपासून मी आणि माझा मित्र जोडीनं विनोदी स्किट लिहितो. तो खोलीत येरझाऱ्या घालत बोलतो, मी टाइप करतो. आमची स्किट पाहून मुंबईच्या एका निर्मात्यानं नमुन्यादाखल आणखी दोन मागितली आहेत. मित्र म्हणतो, कल्पना त्याच्या, म्हणून नाव त्याचं आधी. एकटा लिहायला बसलो तर मला काहीच विनोदी वाटत नाही. एकट्यानं लिहू की जोडीनं? बाबा म्हणतात, आधी सी.ए.चं बघ.
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : तू सोबत पाठवलेलं स्किट वाचलं. सदाशिव पेठेतला घरमालक भाडेकरूला अटी सांगतो : ‘पाहुणे आणायचे नाहीत. दहानंतर नळ सोडायचा नाही. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. बाकी घर आपलंच समजा.’ इथे लाफ्टर पडणार, शंकाच नाही. पण लगेच भाडेकरू म्हणतो, ‘मग उरलं काय?’ म्हणजे प्रेक्षकाला कळलेला विनोद तुम्ही त्याला पुन्हा समजावून सांगता. त्या वाक्याशेजारी तुझी टीप आहे : ‘काढावं का? त्याला आवडतं.’ अरे, वाक्य नको हे तुला कळलं होतं. मित्राला सांगायचं तेवढं राहिलं. जोडीत लिहायचं असेल तर हे सांगता यायलाच हवं. प्रत्येक ओळीला हसणारा भिडू काही कामाचा नाही. दोघांनाच कळणाऱ्या कॉलेजच्या गमती तर आधी काढा; त्यावर तुम्ही दोघं लोळता आणि नाट्यगृह गप्प असतं.

आता नावाचं. तू स्वतःला टायपिस्ट समजू नकोस. बोललेल्या दहा वाक्यांतलं कुठलं कागदावर राहणार, कुठला शब्द वाक्याच्या शेवटी जाणार, हे ठरवणं म्हणजेच लेखन. कायद्यातही नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीवर असतो. पण म्हणून मित्राला बाजूला सारू नकोस. तो संवादच बोलतोय, नुसत्या कल्पना देत नाहीये. कुणाचं कुठलं हे वेगळं काढता येत नसेल, तर १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती संयुक्त कृती ठरते. असं लेखन एकानं दुसऱ्याला न विचारता परस्पर कुणाला द्यायचं नसतं.

तेव्हा निर्मात्याची दोन्ही स्किट जोडीनंच करा. त्यानं जे पाहिलं ते दोघांचं होतं. मात्र पाठवण्याआधी एकमेकांना एक ईमेल करा. नावांचा क्रम काय, पैसे कसे वाटायचे, एकानं मध्येच सोडलं तर स्किट कुणाकडे राहणार, एवढं त्यात आलं की झालं. ‘आपल्यात कशाला हे?’ असं तो म्हणेलच, तरी कर. मैत्री आहे तोवरच हे सोपं असतं. आणि जोडीला मानधन बहुधा एकच ठरतं, त्याचे दोन वाटे होतात, हेही आत्ताच धरून चाला. निर्मात्याला संहिता देण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे तिची नोंदणी करता येते का, ते बघून ठेव.

जोडी मोडली की करिअर संपतं असं नाही, पण हात एकट्यानं चालायला हवा. सलीम-जावेद १९८२मध्ये वेगळे झाले, त्यानंतरही दोघं स्वतंत्रपणे लिहीत राहिले. ब्रिटिश विनोदी मालिकांतली गाल्टन-सिम्पसन ही जोडी क्षयरोगाच्या रुग्णालयात जमली आणि वर्षानुवर्षं टिकली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सिम्पसन यांनी लेखन थांबवलं. उद्या तुझ्या मित्राला बंगळूरला नोकरी लागली तर?

एकटा असताना काहीच विनोदी वाटत नाही, याचं कारण मला सरळ दिसतं. विनोद जमला की नाही हे आजवर तू मित्राच्या हसण्यावरून ठरवत आलास. ते मोजमाप बदल. पाच-सहा पानांचं एक स्किट एकट्यानं पूर्ण कर. लिहिताना विनोदी वाटण्याची वाट पाहू नकोस. माणसाला काय हवंय आणि त्याला कोण अडवतंय, एवढंच लिही. चार दिवस ते उघडूही नकोस. मग कॉलेजच्या ग्रुपमधल्या दोन नटांना मोठ्यानं वाचायला दे आणि स्वतः गप्प बस. जिथे ते अडखळतील, तिथे वाक्य लांबलंय. जिथे तुला मध्ये बोलून समजवावंसं वाटेल, तिथे लिहिण्यात काहीतरी राहिलंय. पावसाळ्यात भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या फेऱ्या असतात, तिथे वही घेऊन बस. १९६३पासून चालत आलेली ही स्पर्धा, आणि तिथला कॉलेजचा प्रेक्षक कुणाची भीड ठेवत नाही. नेमक्या कुठल्या शब्दावर हशा येतो, ते टिपून घे. (नंतर कट्ट्यावर सगळे काय म्हणतात, ते नाही टिपलंस तरी चालेल.)

माझं मत विचारशील तर विषय आणि प्रसंग जोडीनं ठरवा, पहिला खर्डा एकानंच लिहा, दुसऱ्यानं हातात पेन्सिल घेऊन कापा. पुढच्या स्किटला अदलाबदल. मित्राला कीबोर्डवर बसव आणि तू येरझाऱ्या घाल. तो दोन पानंही पुरी करू शकला नाही, तर नाव आधी कुणाचं याची चर्चा आपोआप बदलेल. त्यानं झकास लिहिलं, तर तुला खरा भिडू मिळाला.

बाबांचं म्हणशील, तर बी.कॉम. पूर्ण कर, त्यात दुमत नाही. एफटीआयआय या पुण्यातल्या चित्रपट संस्थेचा पटकथालेखनाचा अभ्यासक्रमही पदवीनंतरचाच आहे. सी.ए. मात्र ‘असू दे हाताशी’ म्हणून करण्यातला प्रकार नाही; आर्टिकलशिप, म्हणजे सी.ए.च्या हाताखालची उमेदवारी, केलेले कुणी ओळखीचे असतील तर त्यांना बाबांसमोरच विचार. निर्मात्याचं उत्तर आलं की मानधनाचा आकडा बाबांना दाखव, आणि त्यातला अर्धाच तुझ्या वाट्याचा, हेही सांग.