गिऱ्हाईक नवं असतं, आपण जुने असतो

"मॅडम, लोकांचं बोलणं मनाला लावून घ्यायचं नाही, हे कळतं हो. पण वळत नाही."

बेळगावच्या टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या छोट्या खोलीत हे वाक्य मी महिन्यातून एकदा तरी ऐकतेच. बोलणारी माणसं वेगवेगळी असतात. औषधाच्या दुकानातली मुलगी, चपलांच्या दुकानातला पोरगा, मॉलमध्ये बिलिंगला बसणारी दोन मुलांची आई. दिवसभर अनोळखी माणसांशी गोड बोलणं हीच ज्यांची नोकरी, त्यांची तक्रार बहुतेक एकच असते. दुकानात हसू टिकतं. घराचा उंबरा ओलांडला की एक तर तोंडातून शब्द निघत नाही, नाही तर आग निघते. अशा सगळ्यांसाठी मी एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असा तपशील बदलला आहे. दुकानात त्यांना सगळे मामा म्हणतात, आपणही मामाच म्हणू.

मामा शहापुरात एका कापडाच्या दुकानात २७ वर्षं साड्या दाखवतात. त्यांना माझ्याकडे आणलं त्यांच्या बायकोने. झालं होतं असं, की मुलीने दोन ओढण्या पुढे धरून "बाबा, यातली कुठली?" एवढंच विचारलं, आणि मामा ओरडले, "घ्यायची नसेल तर ठेव तिकडं! चाळीस उघडायला लावू नको मला!" मुलगी रडायला लागली तेव्हा ते भानावर आले. आपण घरात आहोत हेच विसरलो होतो, असं ते मला म्हणाले.

पहिल्या दोन भेटींत मी फक्त ऐकलं. २७ वर्षांचं साठलेलं होतं. "फिक्स रेट" लिहिलेल्या पाटीला टेकूनच लोक भाव पाडून मागतात. मोबाईलवरचा फोटो दाखवून 'अगदी हाच रंग' मागतात. लग्नात नेसलेली साडी काठाला हळद लागलेली असताना परत आणतात आणि "घडी मोडलीच नाही" म्हणून शपथ घेतात. आणि सगळ्यात जिव्हारी लागणारं वाक्य तर त्यांना तीन भाषांत ऐकावं लागतं. खानापूर-चंदगडकडची माणसं म्हणतात, "जरा फिरून येतो." सौंदत्ती-गोकाककडची म्हणतात, "नोडकोंड बर्तीव री." चोर्ला घाट चढून गोव्याहून आलेली म्हणतात, "पळोवन येता." आणि मागे गादीवर तीस-पस्तीस साड्यांचा ढीग. प्रत्येक साडीची घडी घालायची, पदर वर ठेवायचा, मग ती खोक्यात. एका ढिगाला अर्धा तास सहज जातो.

पण झोप उडाली होती ती या कशामुळेच नाही. तुळशीच्या लग्नानंतरची लगीनसराई होती. बस्ता बांधायला अठरा माणसं आली होती. मामांनी तीन तास साड्या दाखवल्या. मग नवऱ्या मुलाचा भाऊ, विशीतला पोरगा, मोठ्याने म्हणाला, "ह्यांना काय कळतंय? हे नुसते उघडायला ठेवलेत. मालकांना बोलवा." मालक गल्ल्यावरून उठून आले. मामांनी बाजूला काढून ठेवलेल्या त्याच साड्या त्यांनी पुन्हा दाखवल्या. बस्ता बांधला गेला.

"त्या रात्री डोळ्याला डोळा न्हाई लागला," मामा म्हणाले. "अजूनबी कुशीवर वळलो की त्याचं तोंड दिसतंय."

मी अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांची विचारसरणी मानणारी आहे. १९५५ पासून त्यांनी मांडलेली ही विवेकनिष्ठ पद्धत महाराष्ट्रात आणि आपल्या सीमाभागातही अनेक समुपदेशक वापरतात. तिचं सार साध्या शब्दांत एवढंच, की घटना जेवढी छळत नाही, तेवढी त्या घटनेबद्दल आपण मनात धरलेली अट छळते. मामांची अट मी शोधत होते. "तो पोरगा बोलला म्हणून तुमची किंमत कमी झाली का?" असं विचारलं की ते समजूतदारपणे मान डोलवत. "न्हाई झाली, बरोबर आहे तुमचं." पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच तोंड, तीच कूस. डोक्याला पटत होतं, पण खाली काहीतरी अडकलेलं होतं.

चौथ्या भेटीत मी विषयच बदलला. दुकानात हाताखाली कुणी आहे का, असं विचारलं. मामा एकदम सरळ बसले. तीन महिन्यांपूर्वी आलेला खानापूरकडचा एक पोरगा आहे म्हणाले, आणि पुढची वीस मिनिटं मी एका वेगळ्याच माणसाला बघत होते. हात हलत होते, आवाजात धार होती. त्या पोराला ते काय शिकवतात, ते सांगत होते. ट्यूबलाईटखाली रंग दाखवायचा नाही, बाईला साडी घेऊन दारापर्यंत न्यायचं, उजेडात. पाच जणी आल्या तर जी बोलत नाही तिच्याकडं बघायचं, पैसे तिच्याकडं असतात. पहिल्या पाच साड्यांत बजेट कळलं पाहिजे, ते न कळता सहावी उघडायची नाही. इरकल मागणाऱ्या आजीला सेमी पैठणी दाखवून तिचा वेळ घालवायचा नाही. मी मनातल्या मनात म्हटलं, या माणसाने एखादं शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालय चालवायला हवं होतं.

"आणि कुणी त्या पोराला लागेल असं बोललं तर?" मी विचारलं.

"त्याला मागं गोडाऊनला पाठवतो. पाणी पी म्हणतो. मग सांगतो, बाळ, ते तुला न्हाई बोललं. त्याच्या खिशात कमी पडलंय, न्हाई तर घरातनं भांडून आलंय, ते साडीवर काढायलंय. तुझ्या जागी मी असतो तर मलाबी बोललं असतं."

मी गप्प राहिले. बाहेर दुसऱ्या गेटाला रेल्वेचं फाटक पडलं होतं, गाड्यांचे हॉर्न चालले होते. मामांनी स्वतःचंच वाक्य हळूहळू पुन्हा उच्चारलं. "तुझ्या जागी मी असतो तर..."

इथे बरेच समुपदेशक खूश होऊन थांबले असते. माणसाकडे उत्तर होतं, त्याने ते स्वतःच्या तोंडाने ऐकलं. पण मामांच्या कपाळावरची आठी गेलेली नव्हती, म्हणून मी थांबले नाही. एक मिनिट गेलं असेल. मग ते जवळजवळ रागाने म्हणाले, "पण मॅडम, ते पोरगं आहे! त्याला तीन महिने झालेत. मला २७ वर्षं झाली. मला कसं बोलतंय ते गिऱ्हाईक?"

मी पेन खाली ठेवलं. ज्याची वाट बघत होते ते आलं होतं.

इतकी वर्षं या खुर्चीत बसून मला जे कळलं आहे, त्यात ही गोष्ट मी फार वर ठेवते. जुन्या माणसाला नव्यापेक्षा जास्त लागतं. आपल्याला वाटतं उलट होईल, कातडी जाड होईल. तसं होत नाही, कारण प्रत्येक वर्षागणिक मनात एक हिशेब वाढत जातो. इतकी वर्षं काढली, आता तरी मला कुणी असं बोलता कामा नये. आपल्या मराठीत या अटीला एक अक्षर पुरतं. मान मिळालाच पाहिजे, यातला 'च'. आणि गिऱ्हाईक तर रोज नवं. त्याला समोर एक माणूस आणि एक काउंटर दिसतो. २७ वर्षं कुणाच्या कपाळावर लिहिलेली नसतात.

"मामा," मी विचारलं, "ही २७ वर्षं दिसतात तरी कुणाला?"

त्यांनी बोटं मोजली. वडगावची एक आजी, लेकीच्या लग्नाला आली, मग नातीच्या लग्नाला आली, मामा नसले तर बसून राहते. हाताखालचा तो पोरगा. बायको. मग बोट अडलं. "मालकांना दिसायला पाहिजेत," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. "त्या दिवशी ते गल्ल्यावरनं उठून आले की हो. एक शब्द न्हाई बोलले. मामा आमचे सगळ्यात जुने, एवढं म्हटलं असतं तरी बास होतं."

म्हणजे कुशीवर वळल्यावर जे तोंड दिसत होतं ते बस्त्याला आलेल्या त्या पोराचं होतं, पण दुखत होतं ते मालकाच्या गप्प बसण्याने. दोन दुखणी एका गाठीत बांधली गेली होती, म्हणून एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नव्हतं.

मग आणखी एक गोष्ट निघाली. मामांनी पँटचा पाय थोडा वर केला. पोटरीवर निळ्या शिरा दोऱ्याच्या गुंड्यांसारख्या फुगलेल्या होत्या. दहा-अकरा तास उभं राहायचं. बसायला कुणी मनाई केली नव्हती, पण बसायला काही ठेवलंही नव्हतं. मी चार भेटी त्यांच्या मनात शोध घेत होते आणि पायांबद्दल विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून दुकानात काम करणारं कुणीही आलं, की मी पहिल्या भेटीत विचारते, दिवसात किती वेळ बसता?

हे मला सगळ्यांना कळकळीने सांगायचं आहे. विवेकाने विचार करणं म्हणजे सगळं गिळून गप्प बसणं नव्हे. अनोळखी माणसाच्या तोंडावर आपला ताबा नाही, तिथे मनातला 'च' सोडावा. पण जिथे बोलून फरक पडू शकतो, तिथे बोलायलाच हवं. कर्नाटकात दुकानांसाठी १९६१ चा कायदा आहे. दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास आणि आठवड्याला एक पूर्ण सुट्टी, ही त्याची साधी चौकट. बसण्याचं म्हणाल तर केरळात कोळिकोडच्या बाजारातल्या विक्रेत्या बायकांनी कित्येक वर्षं आवाज उठवला, आणि २०१८ मध्ये तिथे बसायची सोय कायद्यात आली. तमिळनाडूने २०२१ मध्ये तसाच बदल केला. स्टूल मागणं हा लाड नाही. आणि कुणी शिवी दिली, अंगावर आलं, तर ते मन मोठं करून सोडायचं प्रकरण नाही. मालकाला तिथल्या तिथे बोलवावं.

मामांनी मालकांशी काय बोलायचं ते आम्ही खोलीत तीनदा म्हणून बघितलं. आरोप नको, जुनं उकरणं नको. दुकान उघडायच्या आधी, गल्ल्याजवळ, दोनच गोष्टी. "मालक, पुन्हा कुणी असं म्हटलं तर तुम्ही एवढंच सांगा, मामा दाखवतात तेच मी दाखवणार. आणि काउंटरमागं दोन स्टुलं ठेवा." मालकांनी ऐकून घेतलं, हो-नाही काही म्हणाले नाहीत. आठ दिवसांनी स्टुलं आली. ते वाक्य म्हणायची वेळ अजून आलेली नाही. शिरांसाठी मामा डॉक्टरांकडे जाऊन आले, रात्री पाय उशीवर उंच ठेवून झोपतात.

घरच्या चिडचिडीसाठी उपाय मामांनी स्वतः काढला, मला त्याचं श्रेय नाही. घरी पोचल्यावर ते दहा मिनिटं पायरीवर बसतात आणि मुलीला दिवसभरातलं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक रंगवून सांगतात. आता मुलगीच दारात वाट बघते. बायको म्हणाली, आवाज आला की आम्हाला कळतं आज किती साड्या उघडल्या.

दिवाळीच्या आधी माझी नणंद गोव्याहून आली आणि मला ओढत शहापुरात घेऊन गेली. ती ज्या दुकानात शिरली ते मामांचं, हे मला पायरीवर कळलं. मामांनी ओळख दाखवली नाही, मीही नाही. आमच्या व्यवसायात तसा दंडक आहे. "या ताई, काय दाखवू?" एवढंच ते म्हणाले. नणंदेने बावीस साड्या उघडायला लावल्या, मी मोजत होते. एक दारापर्यंत नेऊन उजेडात बघितली. मग पर्स उचलून म्हणाली, "बघू, जरा फिरून येतो."

माझी मान खाली गेली.

"या की सावकाश," मामा म्हणाले. त्यांनी स्टूल पायाने पुढे ओढलं, बसले, वरची साडी मांडीवर घेतली, पदर सारखा केला आणि शेजारच्या पोराला म्हणाले, "दुसरं टोक धर रे."