लिरातला पगार, रुपयातला हप्ता

प्रश्न : मी तुर्कस्तानात बुर्सा येथे वाहनांच्या सुट्या भागांच्या कंपनीत आहे. पगार लिरात मिळतो. इथे बँक ठेवीवर ३८ टक्के व्याज देतेय. महागाई उतरतेय, विकासदर ३ टक्क्यांच्या आसपास आहे, मूडीज या पतमापन संस्थेनेही देशाची पत वाढवली. पुण्यातली १८ लाखांची एफडी मोडून पैसे इकडे आणू का? ताथवड्याच्या फ्लॅटसाठी डिसेंबर २०२३ मध्ये ४५ लाखांचं कर्ज घेतलंय, हप्ता ४०,५०० रुपये. कर्ज देताना बँकेने वर्षाला १.२० लाख प्रीमियमची पॉलिसीही दिली, विमा १२ लाखांचा. पत्नी नोकरी करत नाही.

उत्तर : एफडी मोडा, पण लिरासाठी नको.

तुर्कस्तानबद्दल तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ८५ टक्क्यांवर गेलेली महागाई आता तिशीच्या घरात आली. जून २०२३ मध्ये मेहमेट शिमशेक अर्थमंत्री झाले, आणि महागाई भडकलेली असताना व्याजदर उतरवण्याचा हट्ट तिथे थांबला. तिथल्या मध्यवर्ती बँकेचा ८.५ टक्क्यांचा धोरणदर (ज्यावरून बाकीचे व्याजदर ठरतात) मार्च २०२४ पर्यंत ५० वर गेला. मूडीजने जुलै २०२४ मध्ये पत एकदम दोन पायऱ्या चढवली, तरी ती गुंतवणूकयोग्य श्रेणीच्या खालीच आहे. आणि तुमच्यासारख्या ठेवीदाराच्या पदरात विकासदर पडत नाही, विनिमयदर पडतो.

ढोबळ हिशेब करू. २०२२ अखेर एक लिरा सुमारे ४ रुपये ४० पैशांना होता, २०२३ अखेर २.८० आणि २०२४ अखेर २.४०. कुणी २०२२ अखेर एक लाख रुपये लिरात टाकले, पहिल्या वर्षी २५ टक्के आणि दुसऱ्या वर्षी ४५ टक्के व्याज मिळालं असं धरा. दोन वर्षांनी हाती ९९ हजार रुपये, तेही कर न धरता. इथल्या ७ टक्क्यांच्या एफडीत १ लाख १४ हजार झाले असते. नुसतं २०२४ पाहिलं तर २४ टक्के कमाई दिसते, आणि तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर तेवढंच सांगितलं असेल. मार्च २०२५ मध्ये इस्तंबूलच्या महापौरांना ताब्यात घेतलं त्या दिवशी लिरा काही तासांत दहा टक्क्यांहून जास्त आपटला होता. एफडी तिथे नेऊन असा दिवस पुन्हा अंगावर घेऊ नका.

आता जे तुम्ही विचारलंच नाही, त्याची मला जास्त काळजी वाटते. २०१८ मध्ये तुर्कस्तानातल्या कंपन्या अडचणीत आल्या, कारण कर्जं डॉलर-युरोत होती आणि कमाई लिरात. तुम्ही घरच्या घरी तेच केलंय. कर्ज घेतलं तेव्हा ४०,५०० रुपयांचा हप्ता सव्वाचौदा हजार लिरांत भागत होता. २०२५ अखेर त्यालाच एकोणीस हजारांच्या वर लिरा लागत होते. पगार जानेवारीत वाढत असेल, लिरा मात्र वर्षभर घसरतो.

म्हणून एफडीतले पाच लाख अडीअडचणीला बाजूला ठेवा आणि १३ लाख कर्जात भरा. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड लागत नाही. बँक आपसूक मुदत कमी करते. तुम्ही लेखी अर्ज देऊन हप्ता कमी करून घ्या. एरवी मी याच्या उलट सांगतो, कारण मुदत घटली की व्याज जास्त वाचतं. पण ज्याच्या कमाईचं चलन दरवर्षी रुपयापुढे घसरतं, त्याने आधी हप्ता हलका करावा. तो २९ हजारांच्या आसपास येईल. दुसरं, पुढच्या करारात पगाराचा काही भाग युरोत मागा. परदेशी नागरिकाला तिथे तसा करार करता येतो.

आणि ती पॉलिसी! कर्जासोबत ती सक्तीची आहे असं तुम्हाला सांगितलं असेल तर ते धादांत खोटं आहे. ४५ लाखांच्या कर्जावर १२ लाखांचा विमा, त्यासाठी वर्षाला १.२० लाख, आणि परतावा बहुधा पाच-सहा टक्के. उद्या तुम्हाला काही झालं तर तुमच्या पत्नीच्या हाती बारा लाख येतील आणि बँक उरलेलं कर्ज मागेल. आधी एक कोटीचा टर्म इन्शुरन्स (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) घ्या. तो हाती आला की मगच या पॉलिसीची सरेंडर (आत्ता मोडली तर मिळणारी) आणि पेड-अप (प्रीमियम थांबवून तशीच ठेवली तर मिळणारी), दोन्ही रक्कम लेखी मागवा आणि मला कळवा.

बुर्सातल्या तुमच्या तीन महिन्यांच्या घरखर्चाचे लिरा तिथल्या ठेवीत खुशाल ठेवा. ते लिरातच खर्च होणार आहेत, तेवढ्यापुरते ३८ टक्के उपयोगाचे आहेत.