पिचिंग कोच व्हायचंय, पण आधी कोपर दाखव

प्रश्न : सर, मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेत राहतो, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या बेसबॉल टीममध्ये तीन वर्षं पिचर, म्हणजे बॅटरला बॉल टाकणारा, होतो. मागच्या वर्षी एका स्पर्धेत सकाळी एक आणि दुपारी एक अशा दोन्ही मॅचना मलाच टाकायला लावलं, तेव्हापासून कोपराच्या आतल्या बाजूला ठणका लागतो, जोरात टाकलं की दोन दिवस हात धड वर होत नाही. खेळणं संपल्यात जमा आहे पण बेसबॉल सोडवत नाही. अमेरिकेत कॉलेजच्या टीमला वेगळा पिचिंग कोच असतो म्हणतात, तसं करिअर मला करता येईल का? घरात सगळे म्हणतात बँकेच्या परीक्षा दे.

उत्तर : मित्रा, करिअरचं नंतर बोलू, आधी या आठवड्यात हाडाच्या डॉक्टरांना कोपर दाखव, खेळाडूंच्या दुखापती बघणारे असतील तर उत्तमच. तालमीत कुणीतरी म्हणेल तेल लावून चोळून घे, बसेल, तर ते अजिबात करू नको. कोपराच्या आत एक लिगामेंट, म्हणजे हाडं जोडून धरणारा पट्टा, असतं आणि पिचरचा हात मागून पुढे येताना बराच ताण त्याच्यावर पडतो. क्रिकेटच्या बॉलरला रनअप असतो आणि त्याचा हात जवळपास सरळ फिरतो, पिचर मात्र जागेवरून, वाकलेलं कोपर झटक्यात सरळ करत टाकतो, म्हणून दुखणंही वेगळं. 1974 साली टॉमी जॉन नावाच्या पिचरचं हेच लिगामेंट गेलं, तेव्हा डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच दुसऱ्या हाताचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) काढून तिथं बसवला. तो 1976 ला परत मैदानात आला आणि 1989 पर्यंत खेळला, आजही ते ऑपरेशन त्याच्याच नावानं ओळखतात. तुझं तिथपर्यंत गेलंय असं मी म्हणत नाही, तपासल्याशिवाय कुणीच म्हणू नये. पण एका दिवसात दोन मॅच टाकायला लावणं चूक होतं, आणि ती चूक तुझी नव्हती.

आता तुझा खरा प्रश्न. पिचिंग कोचला आपल्याकडच्या कुस्तीच्या वस्तादासारखा समज. चांगला वस्ताद पोराला डाव शिकवतो तसंच आज याला लढवायचं नाही हेही तोच ठरवतो. अमेरिकन कॉलेजच्या वरच्या पातळीवर, म्हणजे डिव्हिजन वनला, फेब्रुवारीच्या मध्यापासून मे पर्यंत 56 पर्यंत मॅच असतात आणि बहुतेक शुक्रवार-शनिवार-रविवार अशा सलग तीन, सगळ्यात भरवशाचा पिचर शुक्रवारी. मग कुणी कधी टाकायचं, किती बॉल टाकायचे, मधे किती दिवस विश्रांती, मंगळवारच्या मॅचला कोण, हे सगळं पिचिंग कोच बघतो. मॅच चालू असताना पुढचा बॉल फास्टबॉल (जोराचा) की स्लायडर (वळणारा) की चेंजअप (फसवा, हळू) हेही कॉलेजमध्ये बहुतेक वेळा तोच डगआऊटमधून, म्हणजे मैदानाकडेच्या टीमच्या बाकावरून, सांगतो. शिवाय व्हिडिओ बघणं, रॅपसोडो-ट्रॅकमॅनसारख्या मशीनवर बॉल किती फिरतोय ते वाचणं आणि शाळाशाळांतून नवे पिचर शोधून आणणं, या शोधाशोधीतच कोचचं निम्मं आयुष्य जातं.

वेस जॉन्सन यांचं उदाहरण बघ. सुरुवात अर्कान्सा राज्यातल्या शाळेच्या टीमपासून, मग एकेक कॉलेज करत अर्कान्सा युनिव्हर्सिटी, तिथून थेट 2019 च्या सीझनला मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगच्या, मिनेसोटा ट्विन्स टीमचे पिचिंग कोच. 2022 मध्ये सीझन चालू असतानाच ते सोडून परत कॉलेजला, एलएसयूला (लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) आले. 2023 ला त्यांच्या हाताखाली पॉल स्कीन्स या पिचरनं 209 स्ट्राईकआऊट केले, म्हणजे तितके बॅटर तीन स्ट्राईकवर बाद केले, ओमाहाला टीमनं कॉलेज वर्ल्ड सिरीज जिंकली, मेजर लीगच्या टीम नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये स्कीन्स पहिला गेला आणि जॉन्सन जॉर्जिया युनिव्हर्सिटीचे हेड कोच झाले. वाचायला झटपट वाटतं पण यामागे शाळेच्या मैदानावरची कितीतरी वर्षं आहेत. पैशाचंही ऐक, जुलै 2023 पर्यंत डिव्हिजन वनच्या टीममध्ये एक कोच व्हॉलंटियर असायचा, कॉलेजचा पगार नाही, कॅम्प आणि खासगी शिकवण्या घेऊन पोट भरायचं. आता त्या जागेला पगार देता येतो. बाहेरून येणाऱ्याला बरी वाट म्हणजे तिकडे मास्टर्सला ॲडमिशन घेऊन छोट्या कॉलेजच्या टीमला मदत करत शिकणं, पण फी आणि व्हिसाचा हिशोब घरी बसून नीट मांड, कर्ज काढून नुसत्या आशेवर जाऊ नको.

इथं कोल्हापुरात नुसत्या पिचिंगसाठी पगारी माणूस ठेवणारं कॉलेज मी तरी पाहिलेलं नाही. बी.पी.एड. केलंस तर शाळेत खेळाचा शिक्षक होता येतं, एम.पी.एड. आणि नेट किंवा सेट केलंस तर कॉलेजात फिजिकल डायरेक्टर, आणि त्या नोकरीत राहून टीम उभी करता येते. बँकेची परीक्षा दिलीस तरी बिघडत नाही, सकाळचे दोन तास तुझेच असतात. पण आजपासून एक काम कर, जवळच्या शाळेतली चार-पाच पोरं घे, हात दुखत नसेल तेव्हाच टाकू दे, प्रत्येकानं किती बॉल टाकले ते वहीत लिही, मोबाईलवर स्लो मोशनमध्ये बाजूनं शूटिंग घे. ताकद पायातून आणि कमरेतून येते, हात शेवटी येतो, हे आपल्याकडच्या पोरांना समजावणं सोपं, कारण कुस्तीत ढाक हा डाव मारताना हेच होतं. दोन वर्षांची अशी वही असेल तर कुठल्याही कोचपुढे ठेवायला तुझ्याकडे काहीतरी असेल.

प्रश्न : सर, माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, बेसबॉलमध्ये पिचर आहे. रोज शंभर-सव्वाशे बॉल टाकतो आणि सर म्हणतात हात तयार होतोय. बरोबर आहे का? - एक आई, कळंबा

उत्तर : ताई, नाही. मेजर लीगच्या पिच स्मार्ट नियमावलीत तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला मॅचमध्ये दिवसाला जास्तीत जास्त 95 पिच, म्हणजे बॉल, सांगितलेत आणि 66 किंवा जास्त टाकले तर पुढे चार दिवस पिचिंग बंद. मुलाच्या सरांशी भांडू नका, शांतपणे हे आकडे दाखवा, आणि मुलाला सांगा की कोपर किंवा खांदा दुखला तर त्याच दिवशी घरी सांगायचं, लपवायचं नाही.