पाय एवढे वाकडे झालेत, मग हाड मोडून सरळ करणार का?

गुडघ्याची वाटी बदलायला, म्हणजे कृत्रिम सांधा बसवायला आलेल्या पेशंटकडून हा प्रश्न मला काउन्सेलिंगमध्ये सारखा येतो, आणि ज्यांचे पाय फारच धनुष्यासारखे झालेत ते तर याच भीतीने ऑपरेशन वर्षानुवर्षं पुढे ढकलतात. मध्यंतरी आलेल्या एका मावशींचं तेच (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत). सत्तरीच्या, आयुष्य शेतात गेलेलं, कुणीतरी सांगितलेलं की हाड तोडतात, शिरा कापतात. "ताई, मोडल्यालं हाड ह्या वयात जुळतंय व्हय?"

मी त्यांचा उभं राहून काढलेला, खुब्यापासून घोट्यापर्यंतचा लांब एक्सरे लावला. हा एक्सरे हवाच, नुसत्या गुडघ्याच्या फोटोत पाय नेमका कुठून वाकलाय ते कळत नाही. मावशींचा बाक गुडघ्यातच होता, आतल्या बाजूची गादी संपून खालचं हाड खचलेलं, आणि इतकी वर्षं पाय तसाच राहिल्याने आतलं लिगामेंट (हाडांना हाडाशी बांधून ठेवणारा चिवट पट्टा) आखडलेलं. अशा वेळी सांधा बसवण्यासाठी हाडांची टोकं तासतात, पाय मधून मोडत नाहीत. मांडीचं किंवा नडगीचं हाडच मधे वाकलेलं असेल तर कधीकधी तेही कापून सरळ करावं लागतं, पण ती गोष्ट वेगळी.

आणि शिरा कापतात म्हणजे काय, तर ते आखडलेलं लिगामेंट बेताबेताने सैल करतात. आधी कडेला वाढलेलं हाड काढतात, त्यानेच बराच ताण उतरतो. मग गरजेप्रमाणे मागचा-आतला भाग सोडवतात, किंवा नडगीची आतली कड थोडी तासून कृत्रिम सांध्याची खालची प्लेट लहान साइजची घेऊन बाहेरच्या बाजूला सरकवून बसवतात, किंवा लिगामेंटला सुईने बारीक छिद्रं पाडून ते लांबवतात. प्रत्येक वेळी पाय सरळ-वाकवून ताण बघायचा आणि पुरे झालं की थांबायचं, कारण जास्त सैल झालं तर गुडघा डगमगतो. सर्जनचा खरा अनुभव इथे लागतो असं मला मनापासून वाटतं.

हे ऐकून मावशी मोकळ्या झाल्या, मग मुलाने खर्चाचं विचारलं. खचलेल्या जागी कापलेल्याच हाडाचा तुकडा चालतो, पण खड्डा मोठा असला तर धातूचा ठोकळा आणि हाडात जाणारी लांब दांडी लागते, त्याचं बिल वेगळं, आणि नक्की काय लागेल ते बऱ्याचदा टेबलवरच ठरतं. म्हणून त्याला सांगितलं, सर्जनकडून ठोकळा-दांडीसकट आणि त्याशिवाय अशी दोन्ही एस्टिमेट आधीच लिहून घे.