डिस्क हिरवी, तरी जीव थाऱ्यावर नाही

प्रश्न : स्टोरेज सर्व्हरचं सॉफ्टवेअर परवा नव्या व्हर्जनवर नेलं. आधी डिस्कच्या स्मार्ट टेस्टचं (डिस्क स्वतःची तपासणी करते, तिचं) वेळापत्रक स्क्रीनवरच लावता यायचं, आता तो टॅबच गायब, नुसती हिरवी खूण दिसते. झेडएफएस या फाइल सिस्टमचा स्क्रब (लिहिलेल्या डेटाची पडताळणी) दर महिन्याला चालतो, मग स्मार्ट टेस्ट नाही झाली तर बिघडतं का?

उत्तर : बिघडतं, लगेच नाही पण बिघडतं. स्क्रब फक्त जिथे डेटा लिहिलाय तेवढेच ब्लॉक वाचतो आणि चेकसम (डेटासोबत ठेवलेला तपासणीचा आकडा) जुळतोय का बघतो, म्हणजे पूल (डिस्क मिळून झालेली साठवणजागा) निम्मा रिकामा असेल तर डिस्कच्या निम्म्या भागाकडे तो ढुंकूनही बघत नाही. स्मार्टची लाँग टेस्ट उलटी, ती अख्खा पृष्ठभाग वाचते पण वाचलेलं बरोबर आहे की भलतंच, ते तिला कळायचं कारण नाही. म्हणून दोन्ही हव्यात, फक्त एकाच रात्री लावू नका, डिस्कचा जीव जातो आणि सकाळी आलेले लोक तुमचा घेतात.

आणि त्या हिरव्या खुणेवर फार विसंबू नका. डिस्क स्वतःला ‘पास’ म्हणते तेव्हासुद्धा आतले आकडे हललेले असू शकतात. स्मार्टसीटीएल या कमांडने रिपोर्ट काढा आणि 5, 197, 198, 199 या ओळी बघा. 5 म्हणजे खराब निघून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), 198 म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत वाचता न आलेले, आणि 199 म्हणजे डेटा केबलवरून नेताना झालेल्या चुका. 197 म्हणजे वाचता न आलेले, अजून निकाल न लागलेले सेक्टर. त्यांच्यावर पुन्हा लिहिलं गेलं की एकतर ते सुधारतात आणि आकडा खाली येतो, नाहीतर राखीव जागेतला सेक्टर वापरला जातो आणि 5 चा आकडा वाढतो. 5 हळूहळू चढत असेल तर नवी डिस्क मागवा, वाट बघू नका. 199 वाढला की मात्र लोक उगाच डिस्क बदलतात, तो दोष बहुतेक वेळा केबलचा किंवा कनेक्टरचा असतो (मी स्वतः एकदा चांगली डिस्क काढून ठेवली होती, केबल तीच ठेवून). हा आकडा कधी शून्यावर येत नाही, त्यामुळे केबल बदलल्यावर आजचा आकडा लिहून ठेवायचा आणि पुढे वाढतो का तेवढंच बघायचं.

एनव्हीएमई (वेगळ्या जोडणीची वेगवान एसएसडी) असेल तर या ओळी मिळणारच नाहीत, तिथे झीज किती टक्के आणि राखीव जागा किती उरली ते बघतात. झीज 100 च्या वर गेलेली दिसली तरी घाबरू नका, तो आकडा 100 ओलांडू शकतो. मध्ये रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र करून दाखवणारं कार्ड) असेल तर स्मार्टसीटीएलला कंट्रोलरचा प्रकार आणि डिस्कचा नंबर सांगावा लागतो, नाहीतर ते कंट्रोलरने दाखवलेल्या एकत्र डिस्कलाच विचारत बसतं.

टेस्टचं वेळापत्रक क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीत) लावा, पण स्क्रीनवरच्या क्रॉनमधून. सिस्टमच्या फायलीत हाताने लिहिलेलं पुढच्या अपग्रेडमध्ये पुसलं जाऊ शकतं.

प्रश्न : जुन्या सर्व्हरवर एक्सएफएस (लिनक्सची एक फाइल सिस्टम) आहे, 2014 च्या आसपास बनवलेलं. नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) टाकायचाय, काही अडचण?

उत्तर : आधी एक्सएफएस-इन्फो ही कमांड चालवा. सीआरसीपुढे 0 दिसला तर ते व्ही4, म्हणजे एक्सएफएसचा जुना प्रकार, आहे. कर्नलमध्ये व्ही4 चा सपोर्ट सप्टेंबर 2025 पासून डिफॉल्टने बंद आणि सप्टेंबर 2030 मध्ये पूर्ण काढायचा असं ठरलंय, त्यामुळे नव्या कर्नलवर ते माउंटच नाही झालं तर डेटा गेला म्हणून रडू नका, जुना कर्नल परत लावा, डेटा जागेवरच असतो. व्ही4 चं जागच्या जागी व्ही5 होत नाही, कितीही ऑप्शन शोधा. बॅकअप घ्या, तो रिस्टोअर करून बघा, मग नव्याने फॉरमॅट करा. करताय तर बिगटाइमही चालू ठेवा, तारखांची मर्यादा 2038 वरून 2486 वर जाते. फक्त व्ही5 चे चेकसम मेटाडेटाचे (फायलींबद्दलच्या नोंदींचे) असतात, फायलीतल्या मजकुराचे नाही, तेव्हा झेडएफएससारखा स्क्रब इथे मिळेल असं समजू नका.

प्रश्न : ओपनझेडएफएस 2.3 मध्ये रेडझेडला (झेडएफएसमधल्या अनेक डिस्कच्या रचनेला) एक डिस्क जोडली, जागा हिशोबापेक्षा कमी का वाढली?

उत्तर : जुना डेटा जुन्याच पॅरिटीच्या (डिस्क गेली तर डेटा परत मिळवायच्या जादा माहितीच्या) प्रमाणात पडून राहतो. तो पुन्हा लिहिला गेला की थोडी जागा सुटते, पण जुने स्नॅपशॉट (त्या त्या वेळच्या गोठवलेल्या प्रती) असतील तर ते उडवेपर्यंत तीही नाही.