आधी फोटोची पाठ बघ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

मेसरश्मिट १०९ चा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या त्या जर्मन लढाऊ विमानाचा, जो फोटो तू घ्यायचा म्हणतोस, तो नीट पाहिला. विक्रेत्यानं खाली लिहिलंय, 'फ्रान्स, उन्हाळा १९४०'. पैसे भरण्याआधी विचारलंस हे फार चांगलं केलंस. भिंग घे आणि शेपटी बघ. त्या वेळच्या 'ई' प्रकारात आडव्या शेपटीखाली एक तिरकी दांडी आधाराला असायची आणि पंखांची टोकं कापल्यासारखी चौकोनी असायची. तुझ्या फोटोत दांडी नाही, टोकंही गोलसर आहेत. म्हणजे हे 'एफ' किंवा त्याच्याही नंतरचं, आणि १९४० च्या उन्हाळ्यात 'एफ'सुद्धा तुकड्यांपर्यंत पोचलंच नव्हतं. फोटो अस्सल असेलही, पण ती ओळ नंतर कुणीतरी अंदाजानं जोडलेली आहे.

म्हणून पुढून कितीही सुंदर दिसला तरी पाठ बघितल्याशिवाय फोटो घ्यायचा नाही. जर्मन सैनिक स्वतःच्या कॅमेऱ्यानं काढायचे ते फोटो बहुतेक छोटे, सहा बाय नऊ सेंटिमीटरच्या आसपास, निगेटिव्हच्याच मापाचे. पाठीवर पुष्कळदा 'आग्फा लुपेक्स' असं त्या फोटो-कागदाचं नाव फिकट छापलेलं असतं. अंधारात अतिनील टॉर्च मार. कागद निळसर पांढरा चमकला, तर प्रिंट युद्धानंतरची; कागद उजळवणारी ती रसायनं १९५० च्या सुमारास वापरात आली. मात्र चमकला नाही म्हणजे अस्सलच, असं धरू नकोस. जुना कोरा कागदही लोक वापरतात.

एक गोष्ट माझ्या हातून घडली, ती तुझ्या हातून घडू नये. सुरुवातीच्या काळात एका फोटोच्या पाठीला चिकटलेला अल्बमचा काळा कागद मी पाण्यात भिजवून काढला. फोटो वाचला, पण त्या कागदाखाली शाईची एक ओळ होती, ती डोळ्यांदेखत निळं पाणी होऊन गेली. गावाचं नाव होतं की माणसाचं, कोण जाणे. अजून जीव हळहळतो.

पूर्ण अल्बम मिळाला तर फोडू नकोस. विक्रेते विमानांचे फोटो वेगळे काढून विकतात, आणि तंबूबाहेर दाढी करणारा मेकॅनिक, बर्फातली वाट, कुणाची तरी कबर, हे सगळं विखुरतं. विमान कुठं आणि केव्हा उभं होतं, ते त्याच फोटोंवरून कळतं.

ठेवायला पॉलिएस्टरची पाकिटं घे, पीव्हीसीची नकोत. नोंद पाकिटावर कर, फोटोवर नाही.

विक्रेत्याकडून पाठीचा फोटो मागवून मला पाठव. मग किमतीचं बोलू.

तुझा,
काका